नर्सबाईची जीभ

मांजर दूध कसं पितं हे मी एकदा त्याच्या बशीखाली उताणं झोपून पाहिलं आहे. तेव्हा मी कोरेगावच्या हायस्कुलात गणिताचा मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो. अंगावर शाळेचा कोट होता, आणि नेमके त्याच वेळी आमचे हेडमास्तर समोरच्या रस्त्यानं पोस्टात चालले होते. त्यांनी मला पाहिलं. मी त्यांना पाहिलं. निदान नमस्कार तरी करावा म्हणून मी झोपल्या झोपल्या हात वर केला, तो बशीला लागला आणि सगळं दूध माझ्या डोळ्यांत आलं. हेडमास्तर तसेच पोस्टाकडे गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एवढंच विचारलं, "घरमालक कोण म्हणालात तुमचे?" मी सांगितलं. "मग ठीक आहे," ते म्हणाले.

माझे घरमालक म्हणजे दफेदार. त्यांना नाव होतं, पण गावात ते कुणी घेत नसे. पहिल्या महायुद्धात ते खेचरांच्या पलटणीत होते. बसऱ्याकडे तोफा वाहणारी खेचरं त्यांनी सांभाळली, त्यांना चारलं, धुतलं, त्यांच्या जखमा बांधल्या. एक पाय जरा ओढत चालायचे. लढाईतली जखम, असं गाव समजायचं. दफेदार स्वतः मात्र कुणालाही सांगत, "आवं, गोळी कुटली? खेचरानं पाय दिला." अंगानं पैलवानी गडी, रंग काळाभोर, मिशा कानापर्यंत. नदीकाठी थोडा ऊस होता, पेन्शन होती, घरात बायको होती, थोरल्या भावाच्या माघारी लहानाची मोठी केलेली पुतणी हौसा होती, आणि मांजरं होती.

मांजरांना हुद्दे होते. एक धिप्पाड तांबूस बोका होता, तो कर्नल. कडेला धडपडणारी पिल्लं असत, ती सगळी रंगरूट. आणि एक पांढरी, पाठीवर तांबडे ठिपके असलेली मांजरी होती, तिचं नाव नर्सबाई. दफेदार लष्करी दवाखान्यात पडून होते तेव्हा एक गोरी नर्स रोज सकाळी ओल्या फडक्यानं त्यांचं तोंड पुसायची. ही मांजरीही रोज सकाळी उशाशी येऊन त्यांचं तोंड चाटायची, म्हणून ती नर्सबाई. हा खुलासा दफेदार मोकळेपणानं सर्वांसमोर करत. काकी, म्हणजे दफेदारांची बायको, चुलीपुढून म्हणायची, "त्या रांडंला बी असंच चाटाय दिलं असंल." दफेदार म्हणायचे, "न्हाई गं. ती फडकं वापरायची."

खोली बघायला मी वळकटी घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा नाव, गाव, शाळा काही न विचारता ते म्हणाले, "जीभ!"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"जीभ काडा, जीभ!"

हुकूमच असा होता की माझी जीभ आपोआप बाहेर आली. त्यांनी माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि खेचर विकत घ्यावं तसं निरखून पाहिलं. "ब्येस हाय. वाईच ऊन लागलंया. ऱ्हावा." झाली खोली नक्की. पुढे कळलं की तलाठी, वाणी, देवळातले गुरव, सगळ्यांच्या जिभा दफेदारांनी पाहिलेल्या आहेत. तलाठ्याला ते एकदा चावडीवर सर्वांदेखत म्हणाले होते, "पांढरी पडलीया. खोटं कमी बोला." हेडमास्तर त्यांच्या घरासमोरून एवढ्या घाईनं का जात, ते मला तेव्हा समजलं.

पण माणसांच्या जिभा हा त्यांचा जुजबी नाद. खरा जीव होता मांजराच्या जिभेवर.

त्याचं मूळ खराऱ्यात होतं. खरारा म्हणजे घोड्याखेचरांचं अंग घासायचा लोखंडी दात्यांचा ब्रश. दफेदारांनी उमेदीची सगळी वर्षं खरारा फिरवण्यात घालवली. हात भरून यायचे, खेचरं लाथा झाडायची. मग पेन्शन घेऊन घरी बसल्यावर एके दुपारी नर्सबाई त्यांच्या मांडीवर बसून स्वतःची पाठ चाटत होती. तिनं मधेच चुकून दफेदारांचा अंगठा चाटला आणि दफेदार ताडकन उभे राहिले. "मास्तर, खरं सांगतू. मला वाटलं कुणी खरारा फिरीवला. तवा हिचं तोंड उगडून बगितलं. काटं! बारीक बारीक काटं, आन समदं आत वळल्यालं. म्हंजे बगा, आमी सरकारी खरारा गळ्यात अडकवून हिंडलो, आन हिला देवानं त्यो तोंडातच बशिवला!"

त्या दिवसापासून त्यांना दुसरा विषय नव्हता. "मांजराचं तोंड म्हंजे क्वार्टर मास्टरचं गोदाम हाय गड्या. कंगवा हाय, टावेल हाय, चमचा हाय, हाडाचं मांस खरवडायला कानस हाय. आन माणसाची जीभ? नुस्ती बोलाय." असं म्हणून ते पुढे तासभर बोलत.

एकदा हौसा लोकर विणत बसली होती. सैनिकांसाठी मोजे विणायचं काम तेव्हा घरोघर आलं होतं. एका रंगरुटानं लोकरीचं टोक जिभेवर घेतलं आणि बघता बघता लोकर आत जायला लागली. हौसा इकडून ओढतेय, पिल्लू तिकडून गिळतंय, अर्धा मोजा उसवला तरी पिल्लू थांबेना. हौसा ओरडली, "तात्या, थुकंना हो त्ये!"

दफेदार आले, हळूच कात्रीनं लोकर कापली आणि उरलेली बोटानं अलगद सोडवून काढली. पिल्लू शिंकलं. मग ते आम्हाला म्हणाले, "त्येचा गुन्हा न्हाई. काटं आत वळल्यालं असत्यात. एकदा जिभंवर घेतलं की ते आतच जाणार, भाईर यायचा रस्ताच न्हाई. आमच्या पलटणीतल्या भरतीवाणी."

आणि दूध पिण्याचं प्रकरण. कुत्रा आणि मांजर यांच्या पिण्यात जमीनअस्मानाचा फरक आहे, असं दफेदारांचं म्हणणं. "कुत्रं बावर्च्यावाणी पितं. जिभेची पळी करतंय, बुडीवतंय, वर फेकतंय, निम्मं भुईवर सांडतंय. मांजर न्हाई तसं करत. ते दुधाला नुस्तं शिवतंय. शिवलं की दूध त्येच्या मागनं आपसूक वर येतंय, आन वर आलं की हे तोंड मिटतंय."

"दूध आपसूक वर कसं येईल?" मी विचारलं. गणिताचा मास्तर होतो, वर जाणाऱ्या गोष्टींविषयी माझी काही मतं होती.

"पडा खाली. दावतू."

अशा रीतीनं मी पडलो. दफेदारांनी जाड काचेची बशी विटांच्या दोन चळतींवर ठेवली, तिच्यात दूध ओतलं आणि मधल्या फटीत माझं डोकं सरकवलं. नर्सबाई वरून प्यायला लागली. मला खालून पांढऱ्याशिवाय काहीही दिसत नव्हतं.

"काय दिसतंय?"

"दूध."

"जीभ?"

"दुधाच्या पलीकडे असेल."

दफेदारांनी दूध काढून पाणी ओतलं. ते नर्सबाईनं हुंगलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. मग घरच्या म्हशीच्या दुधात पाणी घालून पाहिलं, तरी आरपार दिसेना. शेवटी काकी चुलीपुढून ओरडली, "आवं, त्या वरच्या आळीच्या गवळ्याचं आणा की वाटीभर! त्येच्यातनं समदं दिसंल!"

आणलं. खरोखर सगळं दिसलं. नर्सबाईच्या जिभेचं टोक आतल्या बाजूला मुडपलेलं होतं, ते दुधाला टेकलं न टेकलं तोच वर गेलं, आणि त्याच्यापाठोपाठ दुधाचा बारीक खांब वर उठला. तो पडायच्या आत तिनं तो तोंडात मिटून घेतला. मग पुन्हा. इतकं झरझर की डोळ्याचं पातं लवलं तर चुकावं. मी "अरे वा!" म्हणालो आणि मान जरा वळवली, तर रस्त्यावर हेडमास्तर.

दफेदारांना मात्र एवढ्यानं समाधान नव्हतं. मांजराला जमतं ते माणसाला का जमू नये, म्हणून त्यांनी पितळीत चहा ओतून तो त्याच पद्धतीनं प्यायचा प्रयत्न केला. आधी मिशा गेल्या, मग नाक गेलं. बराच वेळ ते ठसकत होते. काकी पाठीवर थापा मारत म्हणत होती, "उंदीर बी धरा आता."

हे सारं हसण्यावारी चाललं होतं तोवर हौसाच्या लग्नाची गोष्ट निघाली.

खेचरांच्या पलटणीत दफेदारांचा एक जिवाभावाचा दोस्त होता, वडूजकडचा. त्याच्या मुलाला आपली हौसा द्यायची असा शब्द दफेदारांनी पोरं लहान असतानाच दिला होता. दोस्त पुढे वारला. मुलगा सैन्यात गेला, हवालदार झाला आणि दुसऱ्या लढाईत आफ्रिकेपर्यंत जाऊन आला. तो लांबलचक रजेवर आला होता. ठरल्याप्रमाणे मुलगी बघायला तो कोरेगावात नात्यातल्या एका घरी उतरला आणि आमच्याकडे एकटाच आला. उंच, सावळा, बोलायला मऊ. डोक्यावर खाकी टोपी. उन्हाळ्याचे दिवस, घामाच्या धारा लागलेल्या, पण टोपी काही काढेना. शेवटी काकीच म्हणाली, "डोकं मोकळं करा की वो, घामाघूम झालासा."

हवालदारानं टोपी काढली. डोकं पार मोकळंच होतं. लढाईवर त्याला मुदतीचा ताप आला होता, आणि ताप उतरता उतरता केसही उतरले, ते पुन्हा आलेच नाहीत.

हौसा चहा घेऊन दारापर्यंत आली होती. तिनं पाहिलं आणि तशीच मागं फिरली. आतून तिचा आवाज आला. दबका काढायचा तिनं प्रयत्न केला असावा, पण तिचा आवाज मळ्यातून घरापर्यंत पोचणारा. "मला न्हाई करायचं टकल्यासंगं!"

ओसरीवर कुणी कुणाकडे बघेना. हवालदारानं टोपी शांतपणे डोक्यावर ठेवली. काकीनं बाहेर आणलेला चहा सगळा प्यायला आणि म्हणाला, "चहा लय झ्याक झालाय." तेवढं बोलून तो उठला. मला तो माणूस त्याच क्षणी आवडला.

दफेदार त्या संध्याकाळी जेवले नाहीत. काकी हौसाला बोलायला लागली तर तिला त्यांनी गप्प केलं. "तिला काय बोलू नगंस. खेचराला सुदिक मी कदी वढून न्हेलं न्हाई. ही तर माजी पोर हाय."

"मग शबुदाचं काय?"

अंगणात खाटेवर ते बसून राहिले. मेलेल्या दोस्ताला दिलेला शब्द एकीकडे आणि पोरीचं मन एकीकडे. एवढ्या मोठ्या देहाचा माणूस इतका लहान दिसलेला मी पाहिला नव्हता. नर्सबाई त्यांच्या मांडीवर येऊन बसली आणि आपली पाठ चाटायला लागली.

सकाळी मी दात घासत होतो तर दफेदार माझ्यापुढे येऊन उभे. चेहरा उजळलेला.

"मास्तर, टकलं मांजर कदी बगितलंय?"

तोंडात राखुंडी होती. मी मान हलवली.

"बगणारच न्हाई! कारण काय? ते दिसभर सवताला चाटतंय! आमच्याकडं एक खेचर हुतं, खोगीर लागून पाटीवरचं केस गेल्यालं. मी रोज खरारा केला. आलं का न्हाई केस? आलं! मग मांजराचा खरारा तर किती बारीक!"

"दफेदार, पण माणसाच्या डोक्याला..."

"माज्या मिशा बगा. नर्सबाई रोज चाटती. कशा हायती?"

मिशांबद्दल कुणालाच शंका घेता येत नव्हती. काकी तेवढी म्हणाली, "ह्येंच्या बापाला बी व्हत्या की तसल्याच, आन त्येंच्या घरात कुत्री व्हती." पण दफेदार तोपर्यंत हवालदाराला बोलवायला निघाले होते.

हवालदार आला, याचं मला आजही नवल वाटतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, थोडा वेळ नर्सबाईकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुमी बाबांचं दोस्त. तुमी म्हनाल तसं." वडूजला आईला त्यानं कळवलं की कोरेगावात एक चांगला वैद्य भेटला आहे.

उपचार रोज दुपारी व्हायचा. अंगणात भिंतीच्या सावलीला पाट. हवालदार पाटावर, त्याच्या मागे पालथी घातलेली पाटी, पाटीवर नर्सबाई. डोक्याला तूप चोळायचं आणि नर्सबाईनं चाटायचं. काकीनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "माजं घरचं तूप त्या डोस्क्यावर! मी बगनार बी न्हाई." मग तुपाची वाटी धरायचं काम हौसावर आलं. तिनं नाक मुरडलं. दफेदार म्हणाले, "लगीन नगं करू. पर पेशंटची वाटी धराय काय झालं? सरकारी काम समज."

"नर्सबाई, चालू!" दफेदारांनी हुकूम दिला. नर्सबाईनं जांभई दिली. पुन्हा हुकूम झाला. तिनं एक पाय वर केला आणि तो धुवायला घेतला. शेवटी तुपात थोडी साय कालवली तेव्हा ती पुढे झाली, हवालदाराच्या डोक्यावर दोन्ही पंजे रोवले आणि कामाला लागली. खर्र, खर्र असा आवाज माझ्या खोलीपर्यंत येत होता. आफ्रिकेत गोळ्या अंगावर घेतलेला तो गडी दोन्ही मुठी आवळून "आई आई आई" करत होता.

हौसा वाटी धरून भिंतीकडे तोंड करून बसली होती. पहिले काही दिवस तिनं भिंतीशिवाय काही पाहिलं नाही. मग एका दुपारी तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला.

"हलू नगासा."

"मी हलत न्हाई," हवालदार म्हणाला. "गुदगुल्या हलिवत्यात."

"दुकतंय का?"

"दुकत न्हाई. सुतारानं फळीवर रंदा मारावा तसं वाटतंय."

"मग गुळगुळीत व्हईल की फळी," हौसा म्हणाली.

हवालदार एवढा हसला की नर्सबाईचा तोल गेला, तिनं नखं रोवली, आणि हसणं आणि बोंबलणं एकाच वेळी सुरू झालं. हौसानं तोंडाला पदर लावला. त्यानंतर त्या दिवशी तिचं तोंड पुन्हा भिंतीकडे गेलं नाही.

न हलता बसता यावं म्हणून हवालदार बोलायला लागला. वाळवंटात पाणी कसं वाटून प्यायचं, साहेबाच्या तंबूत शिरलेल्या बकऱ्यानं साहेबाची पँट कशी खाल्ली आणि साहेब टेबलाच्या मागं बसून कवायत कशी घेत होता, हे सगळं. हौसा विचारायची, "मग?" आधी ते "मग?" अधूनमधून यायचं. मग लवकर लवकर यायला लागलं. मी खिडकीशी वह्या तपासत बसलेला असायचो. नर्सबाईचं काम केव्हाच संपलेलं असे, ती पाटीवर वेटोळं करून झोपलेली असे, वाटीतल्या तुपाला मुंग्या लागलेल्या असत, आणि अंगणातून "मग?" चालूच असे. दफेदारांना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष डोक्याकडे. रोज ते साताऱ्याहून आणलेलं भिंग लावून डोकं तपासत आणि खिन्न होऊन परत येत.

रजा संपत आली. आणि एका सकाळी अंगणातून आरोळी आली, "आलं! मास्तर, हौसा, आलं!"

मी धावलो. हवालदार पाटावर, दफेदार भिंग धरून. खरंच, त्या चकचकीत डोक्यावर बारीक बारीक केस दिसत होते. बातमी आळीत गेली. वाणी आला, गुरव आले, तलाठी स्वतः आला आणि आल्या आल्या त्यानं जीभ दाखवली, इतकी सवय झालेली. सगळे वाकून वाकून बघत होते. दफेदारांची छाती फुगली होती. "आता बगा! पलटणीच्या पलटणी येत्याल माज्याकडं!"

गर्दीत न्हावी होता. त्याचे आपले धंद्याचे डोळे. तो म्हणाला, "दफेदार, केस पांढरं कसं? हवालदार तर तरणं हायती."

"ताप आल्याला हुता म्हणून."

"आन मधीच तांबडं?"

न्हाव्यानं खांद्यावरचं ओलं फडकं काढलं आणि हवालदाराच्या डोक्यावरून एक हात फिरवला. डोकं आरशासारखं लखलखलं आणि सगळे केस फडक्यावर आले. तुपाला चिकटलेले. पांढरे आणि तांबडे. पाटीवर बसून नर्सबाई पाठीचे तांबडे ठिपके चाटत होती.

कुणी हसलं नाही, कारण दफेदारांकडे पाहून हसवेना. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

आणि नेमक्या त्याच घटकेला वडूजची गाडी येऊन गेली असावी, कारण दारात एक ठेंगणी, नऊवारी घट्ट नेसलेली, काखेत गाठोडं घेतलेली बाई उभी होती. हवालदाराची आई. मुलगा जाण्याआधी त्याला गावी न्यायला आणि त्या चांगल्या वैद्याला भेटायला आली होती.

"वैद्य कुटं हायती?" तिनं विचारलं.

वाण्यानं निरागसपणे पाटीकडे बोट केलं. "ही बगा."

नर्सबाईनं डोळे किलकिले करून तिच्याकडे पाहिलं, पुढे झाली आणि सवयीनं हवालदाराचं डोकं चाटायला लागली.

त्या बाईचा आवाज हौसाच्या आवाजाला भारी पडेल असा होता. "आगं आई गं! माज्या पोराला मांजराच्या तोंडी दिला! गोळीनं न्हाई मारला तवा आता चाटून मारताय व्हय? ऊठ रं! ऊठ म्हणती न्हवं!"

हवालदार उठला. त्यानं टोपी घातली. दफेदार पुढे आले, पाय नेहमीपेक्षा जास्त ओढत. "चूक माजी हाय. पोरीनं नकार दिला, म्हणून मी केस आणाय गेलो. केस आलं न्हाईत. तुमच्या धन्याला दिल्याला शबूद माज्याच्यानं पाळला जाईना. न्ह्या पोराला."

"कुणी सांगितलं नकार हाय म्हणून?"

हे हौसा बोलली. तुपाची वाटी अजून तिच्या हातात होती.

दफेदार वळले. "तूच की गं! समद्या आळीनं ऐकलंय!"

"ते तवा."

"आन आता?" काकी म्हणाली.

हौसा वाटीकडे बघत राहिली. "आता काय... रोज वाटी धरून धरून त्या डोस्क्याची सवय झालीया मला."

हवालदारानं टोपी काढली. का काढली कुणास ठाऊक, त्याचं त्यालाही कळलं नसावं. त्याची आई एकदा मुलाच्या डोक्याकडे, एकदा हौसाकडे बघत होती. मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "पोरी, फशिवनार न्हाई तुला. त्ये केस येत नसत्यात."

"नगं येऊ देत, आत्याबाई."

बाई मटकन पाटावर बसली आणि पाणी मागितलं. काकीनं पाणी आणलं, पाठोपाठ गूळ आणला. आळी हसायला लागली, तलाठी हवालदाराच्या पाठीवर थापा मारायला लागला. सगळ्यांत उशिरा भानावर आले दफेदार. लग्न जमलं याचा आनंद त्यांना झाला, यात शंका नाही, पण संध्याकाळी निघताना त्यांनी हवालदाराला बाजूला घेतलं. "रजा वाडवून मिळंना का? कर्नलची जीभ हिच्यापरास खरबरीत हाय. त्येला एकदा लावून बगितलं असतं."

"रजा संपली, दफेदार," हवालदार घाईघाईनं म्हणाला.

लढाई संपून तो परत आला त्या उन्हाळ्यात लग्न झालं. कोरेगावातच, दफेदारांच्या दारात मांडव होता. मधल्या काळात हवालदाराच्या आईच्या मनात एक भीती शिरली होती. हौसाला चालत असलं तरी पाव्हण्यारावळ्यांत काय म्हणतील? तिचा भाऊ सांगलीला एका नाटकमंडळीच्या ट्रंका सांभाळायच्या कामावर होता. त्याच्याकडून तिनं एक टोप आणवला. तो कृष्णाचं काम करणाऱ्या नटाचा होता, म्हणजे खांद्यापर्यंत रुळणाऱ्या काळ्याभोर कुरळ्या बटा. आईचं मन मोडवेना म्हणून हवालदारानं तो घातला, वर फेटा बांधला, मुंडावळ्या बांधल्या. आमच्याकडच्या कुणाला याचा पत्ता नव्हता.

नवरदेव मांडवात आला आणि अंतरपाटामागं उभा राहिला तशी दफेदारांनी माझं मनगट एवढं आवळलं की अक्षता सांडल्या.

"मास्तर! केस!"

फेट्याखालून दोन्ही बाजूंनी कुरळ्या बटा लोंबत होत्या.

"बगितलंसा?" दफेदारांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "उशिरानं का हुईना, आलं! मुळं जित्ती व्हती! मी म्हणत न्हवतो?" मंगलाष्टकं चालू असतानाच ते मागं वळून लोकांना सांगायला लागले. न्हाव्याला तर त्यांनी बोटानं खूण करून पुढे बोलावलं.

शेवटचं "सावधान" झालं, अंतरपाट दूर झाला. हौसानं माळ धरून हात वर केले, समोर पाहिलं, आणि हात तसेच राहिले.

"ह्यो कोण?"

वाजंत्र्यांनी वाजवायला तोंड लावलेलं, ते तसंच राहिलं. भटजी म्हणाले, "माळ घाल, मुली."

"ह्यो न्हवं त्यो," हौसा म्हणाली. हा आवाज शेवटच्या पंगतीपर्यंत पोचला.

"मीच हाय," नवरदेव पुटपुटला.

हौसानं वाकून मुंडावळ्यांच्या आत बघितलं. डोळे ओळखले. मग तिची नजर बटांवर गेली. "आदी त्ये काडा."

"आगं, पाव्हनं बगत्यात," सासू कळवळून म्हणाली.

"बगू द्यात. मी माळ घालायची ती कुनाला, नाटकवाल्याला?"

हवालदारानं एकदा आईकडे पाहिलं. मग फेटा उचलला, त्याच्याबरोबर टोप आला, आणि मांडवाच्या फटीतून आलेलं ऊन त्या डोक्यावर पडून असं चमकलं की पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांवर हात घेतले. हौसा हसली. तिनं माळ वर नेली आणि सोडली. मधे कुठं काही अडकायला नव्हतंच, ती सरळ गळ्यात उतरली. वाजंत्री सुरू झाली.

दफेदार क्षणभर तोंड उघडं टाकून बघत राहिले. मग त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या, पोट हलायला लागलं आणि ते हसत सुटले, इतके की काकीला त्यांना धरावं लागलं. हसता हसता त्यांनी स्वतःच्या अक्षता फेकल्या, माझ्या मुठीतल्या ओढून घेतल्या, न्हाव्याच्या घेतल्या, आणि सगळ्या त्या लखलखीत डोक्यावर उधळल्या. एकसुद्धा टिकली नाही.